आयडी, सेशन आणि घरचं दूध बिल

ऑनलाइन सट्ट्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मानसोपचार, बँक व्यवहार आणि कायदा अशा तिन्ही बाजूंनी विचार करून उत्तरं दिली आहेत. एक पत्र मात्र रांग मोडून आधी घेतोय.

प्रश्न : भाऊ २४ वर्षांचा आहे. सट्ट्यात बरेच पैसे घालवलेत, किती ते सांगत नाही. परवा रात्री म्हणाला, “आता कुणाला तोंड दाखवणार नाही, एकदाचं काय ते संपवतो.” सकाळी उठून काही झालंच नाही असा वागला. आई म्हणते, नुसता घाबरवतोय. खरं काय समजायचं?
— बहीण, करवीर तालुका

उत्तर : खरंच समजायचं. जुगारातलं कर्ज उघडं पडतं तो दिवस आणि त्यानंतरचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. आजच त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार मनात येतोय का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला किंवा गप्प बसला, तरी त्याला एकटं सोडू नका. शेतातली, गोठ्यातली औषधं आजच घरातून हलवून नातेवाइकाकडं ठेवा. घरात लपवून भागणार नाही, त्याला सगळ्या जागा माहीत असतात. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याची तयारी नसेल तर फोन तुम्ही करा. धोका समोर दिसत असेल तर कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री-अपरात्री कधीही न्या. एरवी तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत. पोलीस केस होईल या भीतीनं घरी बसू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो.

आणि हिशेब आज विचारू नका. “किती घालवलेस?” हा प्रश्न चार दिवसांनी विचारला तरी आकडा तोच राहणार आहे.

प्रश्न : पोरगा गोकुळ शिरगावला मशीनशॉपला आहे, पगार १८ हजार. वय २३. क्रिकेटच्या सट्ट्यात साडेतीन लाखाचं कर्ज केलंय. दोन म्हशी विकून आणि यंदाचं ऊस बिल घालून सगळं एकदम फेडून टाकावं, असं त्याचे वडील म्हणतात. पोरगं शपथ घेतंय, पुन्हा हात लावणार नाही म्हणून. सोबत त्यानं लिहून दिलेली यादी जोडली आहे : मोबाइलवरची तीन कर्जं मिळून ६२ हजार, गावातल्या सावकाराचे ८० हजार महिना १० टक्क्यानं, पतसंस्थेत माझे दागिने ठेवून १ लाख १० हजार, मित्रांचे ४५ हजार, आणि ज्याच्याकडं खेळायचा त्याची उधारी ५५ हजार. काय करू?
— एक आई, कागल तालुका

उत्तर : ताई, म्हशी विकू नका. निदान या महिन्यात तरी नको. दर दहा दिवसांनी येणारं दूध बिल हे, पोराचा पगार सोडला तर, तुमच्या घरातलं एकमेव ठरलेलं उत्पन्न आहे, आणि या कर्जातून बाहेर पडायला वर्ष-दोन वर्षं तेच पुरवायचं आहे.

सगळं एकदम फेडण्यात दुसरीही अडचण आहे. पोराच्या डोक्यावरचं ओझं एका दिवसात उतरतं, सावकार आणि ॲपवाले दोघेही त्याला पुन्हा द्यायला तयार होतात, आणि खेळायची वाट होती तशीच उघडी राहते. शपथ मनापासून घेतलेली असते, त्यात खोटं नसतं. पण संध्याकाळी सातला टॉस होतो तेव्हा शपथ आठवत नाही, यूपीआयचा पिन आठवतो.

आधी यादीचं बघू. पहिल्या यादीत सगळं कधीच येत नाही. पोरं साधारण जे लवकर उघडं पडणार आहे तेवढंच लिहितात. त्याच्यासमोर बसून त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. निदान दोन ठिकाणचा काढा. मग बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या आणि यूपीआय ॲपमधलं ‘ऑटोपे’चं पान उघडून कुठले हप्ते आपोआप जातायत ते पाहा. त्याच्या वडिलांचा आणि आजीचा फोनही तपासा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खात्याला यूपीआय जोडून ठेवलेलं बऱ्याचदा निघतं.

आता देणी. सगळी एका मापानं मोजायची नाहीत.

बुकीची ५५ हजारांची उधारी सगळ्यात शेवटी, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० प्रमाणं पैजेचा करार रद्दबातल असतो, ते पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. आपल्याकडं तर १८६५ चा जुना मुंबई कायदाही आहे, त्यामुळं पैजेसाठी म्हणून दिलेली रक्कमही त्यात येते. वसुलीला फोन आला तर पोरानं घ्यायचा नाही, वडिलांनी घ्यायचा. “जे काय असेल ते लेखी द्या” एवढंच बोलायचं आणि फोन रेकॉर्ड करायचा. लेखी कुणी देत नाही. दारात येऊन दम दिला तर ११२ वर पोलिसांना फोन करा. धमकी आणि खंडणी हे वेगळे गुन्हे आहेत, ते सट्ट्याच्या हिशेबात वळते होत नाहीत. मात्र पोरगा स्वतः दुसऱ्यांना आयडी, म्हणजे सट्टा लावायचं ऑनलाइन खातं, वाटत असेल, तर पोलिसांत जाण्याआधी वकिलाला भेटा.

सावकाराचं व्याज महिन्याला ८ हजार होतंय. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली परवाना असलेला सावकार बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के घेऊ शकतो. ८० हजारांवर ते महिन्याला १,२०० होतात. परवाना नसेल तर धंदाच बेकायदा. तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था, किंवा जिल्हा उपनिबंधक यांच्याकडं लेखी अर्ज करा. अर्जाला पैसे दिल्या-घेतल्याचे यूपीआय पुरावे जोडा. कोरा चेक दिलाय का ते पोराला स्पष्ट विचारा. दिला असेल तर तो कुणी भरून वटवायला टाकेल आणि नोटीस येईल. त्या नोटिशीला १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर जायलाच हवं. नोटीस आली म्हणून घाबरून घडी करून ठेवली, इथंच लोक अडकतात.

मोबाइल कर्जांपैकी कुठलं ॲप नोंदणीकृत बँकेचं किंवा वित्त कंपनीचं आहे ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. जी खरी आहेत ती आधी फेडा आणि प्रत्येकाचं ‘कर्ज बंद’ झाल्याचं पत्र घ्या. यादीत नसलेलं ॲप फोनमधले संपर्क आणि फोटो काढून बदनामीची धमकी देत असेल, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार करा. एक ॲप फेडायला दुसरं ॲप घ्यायचं नाही.

पतसंस्थेतलं तारण तुटू देऊ नका, व्याज वेळेवर भरा म्हणजे लिलावाची नोटीस येत नाही. आणि मित्रांना पोरानं स्वतः जाऊन सांगायचं : महिन्याला हजार-दीड हजार देईन. ते तुम्ही फेडू नका. त्याच्या पगारातून, त्याच्या हातानं जाऊ देत.

राहिली पैशाची वाट. पगाराचं खातं त्याचं आणि तुमचं जोड खातं करा आणि ‘दोघांच्या सहीनं’ चालेल असं फॉर्मवर लिहा. ‘दोघांपैकी कुणीही’ नाही. बँकेत हाच पर्याय चुकीचा भरला जातो, म्हणून टिक स्वतः बघा. दोघांच्या सहीच्या खात्यावर यूपीआय चालत नाही. रोजच्या चहा-पेट्रोलसाठी ‘यूपीआय सर्कल’ वापरता येतं : खातं तुमचं एकटीचं, स्कॅन तो करणार, आणि प्रत्येक पेमेंटला मंजुरी तुमच्या फोनवर. त्यात ‘अंशतः’चा पर्याय घ्या. ‘पूर्ण’ घेतलात तर महिन्याला १५ हजारांपर्यंत तो न विचारता खर्च करू शकतो. त्याच्या जुन्या खात्यावरची मंजूर करून ठेवलेली झटपट कर्जं आणि क्रेडिट कार्ड बंद करा, असं बँकेला लेखी द्या.

रोख त्याच्या हातात देऊन “जा, अमक्याचे फेडून ये” असं कधीही म्हणू नका. फेडायला निघालेला पैसा वाटेत ‘दुप्पट करून देऊ’ म्हणून डावाला लागतो.

प्रश्न : मी क्रिकेट लहानपणापासून खेळतो, खेळपट्टी बघून सांगू शकतो किती होणार. सेशनमध्ये (ठरावीक ओव्हरमध्ये किती धावा होतील यावरच्या डावात) माझे दहातले सहा अंदाज बरोबर येतात. तरी महिन्याला पैसे जातातच. चूक कुठं होते?
— विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : मित्रा, तुझा अंदाज बरोबर असेलही. वही काढ आणि हे मांड.

दहा सेशन. सहा बरोबर, प्रत्येकावर ५०० लावले होते, आले ३,०००. चार चुकले. त्यातले दोन ५०० चे, आणि दोन आधीचे गेलेले भरून काढायला म्हणून २,००० चे. गेले ५,०००. दहातले सहा बरोबर, आणि खिशातून २,००० कमी. हरल्यावर डाव मोठा करणं याला पंटर, म्हणजे सट्टा लावणारे, ‘रिकव्हरी’ म्हणतात. डॉक्टरांच्या यादीत ते व्यसनाचं एक लक्षण म्हणून आहे. ‘सहा बरोबर’ हा आकडाही बहुतेक आठवणीतला असणार. जिंकलेले सगळे आठवतात, हरलेल्यातले “एक बॉलनं गेलं” म्हणून आपण सोडून देतो.

आता सेशनचा भाव नीट वाच. सहा ओव्हरचा सेशन ४७-४८ आहे. ‘यस’ ४८ ला, म्हणजे ४८ किंवा जास्त झाले तर यसवाला जिंकतो. ‘नो’ ४७ ला, म्हणजे ४६ किंवा कमी झाले तर नोवाला. बरोबर ४७ झाले तर? दोघंही हरतात. ती मधली एक धाव बुकीची. शंभरातल्या चार मॅचना बरोबर तोच आकडा पडला असं धरलं, तर दोन्ही बाजूंना ४८-४८ टक्केच उरतात, म्हणजे लावलेल्या दर १०० मागं सरासरी ४ रुपये निघून जातात. बुकीला क्रिकेट कळायची गरजच नाही.

मॅचच्या भावात हे जास्त उघड दिसतं. दोन्ही संघ बरोबरीचे असताना दोन्हीकडं ८५ पैसे भाव असेल, तर १०० लावून जिंकलास की ८५ मिळतात, हरलास की १०० जातात. नुसती बरोबरी साधायला शंभरातले ५४ पेक्षा जास्त अंदाज बरोबर यावे लागतात. नाणेफेकीसारखे अर्धे आले, तर दर १०० मागं साडेसात रुपये गेले. तू म्हणशील साडेसातच ना? तुझ्याकडं ५ हजार आहेत. ते आत-बाहेर वीस वेळा फिरले की उलाढाल एक लाख झाली, आणि एक लाखाचे साडेसात टक्के म्हणजे ७,५००. मूळ पाच हजारांपेक्षा जास्त. आयडीवर पैसा जातो तो या फिरण्यामुळं.

मटक्याशी ताडून बघ. मटक्यात एका आकड्याला दहातली एक संधी आणि रुपयाला नऊ रुपये, म्हणजे रुपयामागं दहा पैसे कापले जातात. सेशनपेक्षा मटका महाग. तरी फोनवरचा सट्टा माणसाला लवकर बुडवतो, कारण मटक्याचा निकाल (ओपन-क्लोज) यायला दिवस जातो आणि वीस षटकांच्या एका मॅचमध्ये २४० चेंडू असतात. विमान उडतं आणि मध्येच गायब होतं त्या खेळात तर मिनिटाला दोन-तीन डाव होतात. तिथं ‘९७ टक्के परतावा’ असं अभिमानानं लिहिलेलं असतं. ते ९७ टक्के प्रत्येक डावाचे, तुझ्या संध्याकाळचे नाहीत.

दुप्पट करत जायची युक्ती कुणी ना कुणी सांगतंच, म्हणून तीही मांडू. १०० पासून सुरू : १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. सात डाव सलग गेले की १२,७०० गेलेले असतात आणि आठव्याला १२,८०० लागतात. कशासाठी? शेवटी १०० रुपये नफ्यात यायला. सलग सात हरणं दुर्मीळ वाटतं, पण रात्रभरात साठ-सत्तर डाव खेळणाऱ्याला ते कधी ना कधी भेटतंच.

अजून दोन गोष्टी. तू मोबाइलवर मॅच बघतोस ते चित्र मैदानाच्या काही सेकंद मागं असतं. पॅनेलवाल्याकडं, म्हणजे आयडी चालवणाऱ्याकडं, चेंडूचा निकाल आधी येतो, म्हणून ‘बॉल रनिंग’ लिहून भाव बंद होतो आणि उघडतो तेव्हा बदललेला असतो. आणि बोनस. हजार भरा, हजार बोनस घ्या, पण काढण्याआधी दहापट खेळा, अशी बारीक अक्षरातली अट असते. दोन हजारांच्या दहापट म्हणजे २० हजारांची उलाढाल, आणि पाच टक्के कपात धरली तर त्यातले हजार सरासरीनं जातातच. बोनस ज्याचा होता त्याच्याकडं परत.

प्रश्न : तो म्हणतो, ही हौस आहे, व्यसन नाही. दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. कसं ओळखायचं?
— पत्नी, इचलकरंजी

उत्तर : दोन प्रश्नांची एक जुनी, तपासून घेतलेली चाचणी आहे. डाव दिवसेंदिवस मोठा करावासा वाटतो का? किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर तज्ज्ञाकडं जायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या शेजारीच, व्यसनांच्या गटात ठेवला आहे. दारूचा वास येतो, याचा येत नाही, म्हणून घरच्यांना वर्ष-दीड वर्ष उशिरा कळतं. फोन पालथा ठेवणं, रात्री तीनला जाग असणं, पगाराच्या तिसऱ्या दिवशी पेट्रोलला पैसे मागणं, हे बघा.

प्रश्न : कायद्यानं बंदी आली म्हणतात, मग हे चालू कसं? आणि खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे का?
— वाचक, शाहूपुरी

उत्तर : ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहनाचा व नियमनाचा कायदा २०२५ संसदेनं मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यात येतो. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनसारख्यांनी पैशाच्या स्पर्धा त्याच महिन्यात बंद केल्या. चालू आहेत ते परदेशातून चालणारे. एक पत्ता बंद केला की नावात एक आकडा बदलून दुसरा उघडतो. भरणा त्यांच्या नावावर होतच नाही, तो होतो कुणातरी पोराच्या भाड्याच्या खात्यावर. पुढचं पत्र त्याचंच आहे.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओळखीच्या एकानं महिना ५ हजार देतो म्हणून माझं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम वापरायला घेतलं. दोन महिने पैसे आले. आता खातं गोठवलंय, बँक म्हणते परराज्यातल्या सायबर पोलिसांचा आदेश आहे. तो मित्र फोन उचलत नाही. त्या खात्यात स्कॉलरशिपचे पैसेही अडकलेत.
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : स्कॉलरशिपचं नंतर. आधी सिम. ते तुझ्या नावावर आहे आणि आत्ताही कुणाच्या तरी हातात आहे. आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा, ते बंद करून त्याच नंबरचं नवीन घे. संचार साथी पोर्टलवर तुझ्या नावावर अजून किती नंबर आहेत ते बघ. अनोळखी दिसला तर तिथंच कळव.

मग बँक. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करायचा अर्ज दे आणि पोच घे. खातं उघडल्यापासूनचं स्टेटमेंट आणि गोठवण्याच्या आदेशाचा तपशील माग : तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाणं, तपास अधिकारी. तोंडी सांगतील, तू लेखी माग. यातला पैसा फक्त सट्ट्याचा असतो असं नाही. फसवल्या गेलेल्या एखाद्या पेन्शनराचे पैसे त्याच खात्यातून पुढं गेलेले असतात, आणि त्याची १९३० वरची तक्रार थेट तुझ्या नावापर्यंत येते.

चॅट, कॉल, आलेले पाच-पाच हजार, काहीही पुसू नको. आपण काही केलं नाही हे दाखवायच्या घाईत मुलं चॅट उडवतात आणि ‘माझा वापर झाला’ हे सांगणारा एकमेव पुरावाच जातो. घरी सांग, वकील घे, आणि नोटीस यायची वाट न बघता सायबर पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, मदतीचा क्रमांक १५१००. गांभीर्य कळावं म्हणून सांगतो : भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीनं चालवलेला बेकायदा सट्टा ‘छोट्या संघटित गुन्हेगारी’त घातलाय, शिक्षा एक ते सात वर्षं. खातं भाड्यानं देणं हा जोडधंदा नाही.

प्रश्न : टेलिग्रामवरच्या एका चॅनेलनं सलग चार मॅचचे निकाल आधीच बरोबर सांगितले. पाचव्याला १० हजार मागतोय. मॅच फिक्स असल्याशिवाय हे शक्य आहे का?
— वाचक, हुपरी

उत्तर : आहे. १,०२४ लोकांपैकी अर्ध्यांना ‘अ’ जिंकणार म्हणून कळवायचं, अर्ध्यांना ‘ब’. बरोबर निघाले त्या ५१२ चे पुन्हा दोन भाग. चार मॅचनंतर ६४ जण असे उरतात ज्यांना चारही बरोबर आलेत. तुम्ही त्या ६४ मधले. बाकीचे ९६० चॅनेल सोडून गेलेत, ते तुम्हाला दिसत नाहीत.

प्रश्न : आमच्या तालमीची पंधरा-वीस पोरं यात आहेत. मंडळानं काय करावं? फलक लावू का?
— कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : फलकानं काही होत नाही. आयडी कोण देतंय ते शोधा. तो बहुतेक तुमच्याच कट्ट्यावरचा असतो, आणि पोरांना हे माहीत नसतं की पॅनेलमध्ये एजंटाची भागीदारी असते : पोरं जितकी हरतील, त्यातला ठरलेला हिस्सा त्याचा. “भावा, तुझ्यासाठी स्पेशल आयडी काढलाय” असं म्हणणाऱ्याचा फायदा तुम्ही हरण्यात आहे, हे एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवा. मंडळाच्या वर्गणीचा आणि फुटबॉल टीमचा हिशेब एका पोराच्या एकट्याच्या यूपीआयवर ठेवू नका. आणि तालमीत मॅच लावलीच तर मोठ्या पडद्यावर लावा, फोन बाहेर ठेवून.

प्रश्न : चार महिने झाले, बंद आहे. डॉक्टरांकडं जातो. पण आयपीएल जवळ आलं की छातीत धडधडतं. मित्र म्हणतात, नुसती मॅच बघायला काय जातंय? बघू का?
— वाचक, वय २६, उद्यमनगर

उत्तर : चार महिने चांगले काढलेत. पहिले दोन-तीन आठवडे झोप नसणं, चिडचिड होणं सगळ्यात जास्त असतं, ते तुम्ही ओलांडलंय. आता आयपीएलच्या सत्तरहून जास्त मॅच आणि जवळपास दोन महिने, म्हणून आधीच तयारी करू.

या वर्षी लाइव्ह बघू नका, सकाळी हायलाइट्स बघा. मॅचचा निकाल कळलेला असला की मनात डाव उभा राहत नाही. अगदीच राहवत नसेल तर घरच्यांसोबत टीव्हीवर, आणि फोन सात ते साडेअकरा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. फोनवर मॅच तर नकोच, कारण तिथं डाव लावायची जागा दोन बोटांच्या अंतरावर असते.

फोनमध्ये तीन कामं आत्ता करून टाका. सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ची परवानगी ब्राउझर आणि व्हॉट्सॲप दोन्हीला बंद करा, आयडीची ॲप तिथूनच येतात. ‘बेटब्लॉकर’ हे सट्ट्याच्या साइट बंद ठेवणारं मोफत ॲप टाका आणि मुदत वर्षाची निवडा. चोवीस तासांची ठेवली तर ती नेमकी मॅचच्या दिवशी संपते. गुगलच्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये संवेदनशील जाहिरातींत ‘जुगार’ बंद करा. जुन्या एजंटाला ब्लॉक करून भागत नाही, तो नवीन नंबरवरून ‘२ हजार फ्री’ पाठवतो. ओळख नसलेल्या नंबरचा मेसेज न उघडता घरच्या माणसाच्या हातात द्यायचा असं ठरवून ठेवा.

ओढ येते तेव्हा ती कायमची आल्यासारखी वाटते. तशी नसते. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत चढून उतरते. तेवढा वेळ एका जागी बसू नका. रंकाळ्याला एक फेरी मारा, पाकीट आणि फोन घरी ठेवून. पगाराचा दिवस, घरात भांडण झालेली संध्याकाळ आणि एकट्याची नाइट शिफ्ट या तिन्ही वेळा डॉक्टरांना तारखेनिशी सांगा, समुपदेशनाच्या बैठका त्यावरच बेतल्या जातात. अशा बैठका साधारण ८ ते १२ लागतात, मध्येच चार झाल्यावर ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका. झोप किंवा नैराश्य सोबत असेल तर डॉक्टर गोळ्या देतील. ओढ कमी करायला काही जणांना नाल्ट्रेक्सोनही देतात, पण ते डॉक्टर ठरवतील, दुकानातून आणायचं नाही.

आणि एखाद्या रात्री घसरलातच, तर दुसऱ्या दिवशी मॅच सुरू व्हायच्या आत एका माणसाला रकमेसकट सांगा. ५०० गेले असतील तर ५०० सांगा. ते ५०० लपवायला आणि भरून काढायला दुसऱ्या रात्री ५ हजार लागतात. तो माणूस कोण, ते आजच ठरवा आणि त्यालाही आजच कळवा, कारण त्या रात्री तुम्ही त्याचा नंबर शोधत बसणार नाही.